सोमवारचा ट्रॅक्टर

लातूरच्या माळावर त्या उन्हाळ्यात छोटे ट्रॅक्टर दोन होते, चालवणारे दोन होते आणि चालकाची जागा एकच होती. आप्पासाहेबांनी केवळाबाईला आणि बसलिंगप्पाला पहिल्याच दिवशी समोरासमोर उभं करून हे सांगितलं, म्हणजे पुढे कुणी कुणाच्या नावानं कुजबुजायला नको. पावसाळ्यानंतर एक जण कायम होईल, एक ट्रॅक्टर राहील, दुसरा जिथून आला तिथे परत जाईल.

जिल्हा होऊन अजून वर्ष भरलं नव्हतं. उस्मानाबादेतून वेगळं निघालेलं लातूर जिल्ह्याचं गाव झालं होतं, पण निम्म्या कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत होत्या. एक तर पेंडीच्या दुकानाच्या माडीवर होती आणि तिथल्या फायलींना पेंडीचा वास यायचा. नव्या इमारतींसाठी गावाबाहेरचा मुरमाड माळ ठरला. इमारती होतील तेव्हा होतील, झाडं आधी लावून टाका, असं वरून आलं. कडुनिंब, करंज, चिंच, बहावा अशी रोपं लागली आणि त्यानंतर पाऊस जो गेला तो गेलाच. विहिरी उघड्या पडल्या. माळाच्या पायथ्याची एक विहीर तेवढी तग धरून होती. तिचं पाणी चढावरून वर नेऊन रोपारोपाला घालायचं, हे काम पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या आप्पासाहेबांच्या गळ्यात पडलं. ट्रॅक्टर मोठा असून उपयोग नव्हता. रोपांच्या दोन ओळींतून जाईल, मागे छोटी टाकी ओढेल, असाच हवा होता.

केवळाबाईचा ट्रॅक्टर देगलूरचा. तिथे परदेशी लोकांचा एक दवाखाना होता. बागेतलं गवत कापायला डॉक्टरांच्या बायकोनं तो आपल्या देशातून आणवला होता. त्या देशात म्हणे घराच्या बागेसाठीसुद्धा ट्रॅक्टर असतो. बहात्तरच्या दुष्काळात गवत गेलं, पुढे मॅडमही मायदेशी गेल्या, आणि ट्रॅक्टर पेरूच्या झाडांना पाणी घालू लागला. जाण्याआधी मॅडमनी तो चालवायला शिकवला बागेत खुरपायला येणाऱ्या केवळाबाईला. दवाखान्याच्या ड्रायव्हरला आधी शिकवून पाहिलं होतं, पण क्लच नसूनही त्याचा डावा पाय क्लच शोधत राहायचा आणि तो घाबरायचा. केवळाबाईच्या पायाला जुनी सवयच नव्हती.

त्या ट्रॅक्टरला गिअर नव्हते. उजव्या पायाखाली एक पट्टी होती. पुढे दाबली की पुढे जायचा, टाचेनं दाबली की मागे यायचा, पाय उचलला की जागच्या जागी उभा. इंजिन एक पंप फिरवायचं, पंप तेल ढकलायचा आणि त्या तेलाच्या जोरावर चाकं फिरायची. आप्पासाहेबांनी देगलूरला नोकरीत असताना तो पाहिला होता. आठवण ठेवून त्यांनी तो मागवला, तेव्हा त्याच्याबरोबर केवळाबाईही आली. नवरा, शेषेराव, देगलूरच्या बाजारात हमाली करायचा. तो म्हणाला, जा, पण चालक म्हणून नाव लागत असेल तरच राहा. इतकी वर्षं ती ट्रॅक्टर चालवत होती आणि हजेरीला तिचं नाव बागेतली मजूर असंच होतं. ते तिला खुपत होतं. मजुरीची तिला लाज नव्हती, पण जे करतो तेच नाव लागावं, एवढं तिचं म्हणणं होतं.

बसलिंगप्पा उदगीरकडचा. शेतीशाळेचा जुना ट्रॅक्टर घेऊन आलेला, घरची शेती असलेला, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. त्याच्या ट्रॅक्टरला तीन गिअर होते, हळू आणि जलद असा वेगळा दांडा होता आणि एक जड क्लच होता. दातात दात अडकून चाकं फिरायची. त्या दातांवर बसलिंगप्पाचा स्वतःच्या दातांइतका विश्वास होता.

केवळाबाईला पहिल्यांदा चालवताना पाहून तो बायकांना म्हणाला, "ट्रॅक्टर कुठाय? ही बाई तर शिलाई मशीन चालवायली."

केवळाबाईनं पाय उचलला. ट्रॅक्टर त्याच्या पुढ्यात उभा राहिला. "अण्णा, तुमच्या धोतराला टाके घालायचे असतील तर सांगा. हिकडून जाताना घालते."

पाणी धरणाऱ्या बायका, सिंधु आणि साखराबाई, तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिवसापासून बसलिंगप्पानं धोतराचा काष्टा जरा घट्ट मारायला सुरुवात केली, असं साखराबाई म्हणायची.

पण चेष्टा एकीकडे आणि काम एकीकडे. रोपाजवळ थांबायचं, पाणी पडलं की पुढच्या रोपापर्यंत सरकायचं, पुन्हा थांबायचं. केवळाबाईचा पाय पट्टीवर नुसता ठेवल्यासारखा असायचा. बसलिंगप्पाला मात्र दर रोपाला क्लच दाबावा लागायचा. संध्याकाळी त्याचा डावा गुडघा सुजायचा, आणि एप्रिलमध्ये एके दिवशी ओळीच्या मधोमध जळका वास सुटला. क्लचप्लेट गेली. चढावर मात्र उलटं होतं. दुपारच्या उन्हात भरलेली टाकी घेऊन चढायला लागलं की केवळाबाईच्या ट्रॅक्टरातलं तेल तापायचं, पातळ व्हायचं, इंजिन ओरडायचं आणि चाकं आळसावायची. ती निम्मीच टाकी भरायची, किंवा सकाळी लवकर वर जायची. बसलिंगप्पा भर दुपारी काठोकाठ भरलेली टाकी घेऊन, डोक्याला रुमाल बांधून, एका चालीनं चढून जायचा आणि वर गेल्यावर मागे वळून बघायचा. ते बघणं केवळाबाईला चांगलं कळायचं.

आप्पासाहेब दोघांचंही काम रोज पाहायचे.

एक गोष्ट मात्र होती. बसलिंगप्पा सोमवारी ट्रॅक्टर काढायचा नाही. सोमवार बसवण्णाचा, त्या दिवशी त्यांच्याकडे बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. ज्यानं बैलाचं काम केलं त्याला बैलाचा मान, असं त्याचं सरळ म्हणणं होतं. सोमवारी तो ट्रॅक्टर धुवायचा, चाकांना पाणी घालायचा, नाकाला, म्हणजे पुढच्या जाळीला, भस्म लावायचा आणि बादल्यांनी खालच्या रोपांना पाणी घालत बसायचा. स्वतः बसून राहायचा नाही, हे केवळाबाईनं पाहिलं होतं. रविवारी कचेरीची सुट्टी, सोमवारी त्याची. सोमवारचा माळ एकट्या केवळाबाईच्या ट्रॅक्टरवर असायचा, आणि तिला ते आवडायचं.

मृग कोरडा गेला. कारहुणवी आली. उदगीर-निलंग्याकडे बैलांचा सण जेठातल्या पुनवेलाच असतो. त्या वर्षी माळावर काम करणाऱ्या सगळ्यांचे बैल लांबच्या चारा छावणीत होते. सणाला ओवाळायला कुणाच्या दारात बैल नव्हता. केवळाबाई आदल्या दिवशी देगलूरला घरी गेली होती. सणाच्या दुपारी ती एस.टी.तून माळाच्या फाट्यावर उतरली. डोक्यावर पुरणपोळ्यांचं गाठोडं होतं. तिची नजर खाली गेली आणि ती थांबली.

रस्त्याच्या धुळीत एक काळी ओली रेघ होती. माळाकडून आलेली, गावाकडे गेलेली. केवळाबाई वाकली, बोट लावलं, नाकाशी नेलं. तेल होतं. इंजिनाचं नव्हतं, इंजिनाचं तेल जळकं लागतं. हे तिच्या ट्रॅक्टरच्या पोटातलं तेल होतं. गाठोडं तसंच डोक्यावर ठेवून ती रेघेच्या मागे चालत गेली.

रेघ बसवेश्वराच्या देवळापाशी संपली. देवळासमोर दोन्ही ट्रॅक्टर उभे होते. दोघांनाही गेरूचे ठिपके, बाशिंगं, घुंगरमाळा. तिच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या दिव्यांना कुणीतरी हौसेनं काजळ घातलं होतं. खाली धुळीत तेलाचं थारोळं. बसलिंगप्पा नवं धोतर नेसून ओवाळणीचं ताट धरून उभा होता आणि तिला पाहून मनापासून हसला. तिच्याही ट्रॅक्टरचा मान राखला, हे त्याला तिला दाखवायचं होतं.

काय झालं ते सिंधुनं सांगितलं. बैल नाहीत तर यंदा ट्रॅक्टरची मिरवणूक काढू, असं बसलिंगप्पानं ठरवलं. सणाला बैलाला काम लावत नाहीत, म्हणून इंजिन चालू करायचं नाही. दोर बांधून माणसांनी ओढायचं. त्याचा ट्रॅक्टर गिअरमधून काढला आणि तो पोरीसारखा हलका चालत आला. केवळाबाईचा काही केल्या हलेना. चाकं घट्ट. गिअरच नाहीत तर काढायचे कशातून? ब्रेक सोडला आहे ना ते पाहिलं, मग आणखी माणसं लावली. गचके खात, किंचाळत तो निघाला, आणि मध्येच एकदम हलका झाला. तेव्हा सगळ्यांनी हरहर म्हटलं.

केवळाबाईनं गाठोडं देवळाच्या पायरीवर ठेवलं. "सीटच्या मागची दांडी ओढली होती का?"

"कोणती दांडी?" बसलिंगप्पानं विचारलं.

ती मागे गेली, चाकाशेजारची बोटभर जाड दांडी ओढून दाखवली. ही ओढली की तेलाला आतल्या आत फिरायला वाट मिळते आणि चाकं मोकळी होतात. न ओढता ढकललं की चाकं उलटी पंपाचं काम करू लागतात, तेल कोंडतं, आणि जिथे कच्चं असेल तिथे फुटतं. तिनं हे सगळं अगदी हळू आवाजात सांगितलं. ओरडली असती तर बसलिंगप्पाला सोपं गेलं असतं.

त्यानं ओवाळणीचं ताट पायरीवर ठेवलं. मग म्हणाला, "बैल समजून नेलं, अक्का. बैलाला दांडी नसती."

आजवर तो तिला बाई म्हणत आला होता.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनी तेल अडवणारं ते फुटलेलं सील हातात घेऊन पाहिलं. रबर उन्हानं वाळून कडक झालेलं होतं. ते म्हणाले की कधीतरी हे व्हायचंच होतं, असला भाग इथे मिळायचा नाही, मग आता गिअरचाच ठेवू आणि विषय संपवू. केवळाबाईनं तोंड उघडायच्या आत बसलिंगप्पा बोलला.

"साहेब, पाय मोडलेल्या गड्यासंगं कुस्ती लावत न्हाईत. पाय मी मोडलाय. आधी उभं करतो, मग तुमचं चालू द्या."

त्याचा मेहुणा सिद्धराम स्टेशनजवळच्या कापसाच्या प्रेसमध्ये फिटर होता. बसलिंगप्पा फुटलेलं सील रुमालात बांधून तिकडे निघाला तेव्हा केवळाबाईही निघाली. आपल्या मशीनचा तुकडा ती एकटा कुणाच्या हाती देणार नव्हती. प्रेसचा हंगाम संपला होता, मशीन उघडून ठेवलेली होती. सिद्धरामनं तो तुकडा फिरवून पाहिला, तिला चार प्रश्न विचारले आणि तिची उत्तरं ऐकून तो हसला. त्यानं दोघांना प्रेसच्या खाली नेलं. माणसाच्या कमरेएवढा गुळगुळीत लोखंडी दांडा तिथे खड्ड्यात उभा होता. खोलीभर कापूस दाबून त्याची पेटीएवढी गाठ करतो तो हाच, आणि याला वर ढकलतं ते नुसतं तेल, असं त्यानं सांगितलं.

"बाई, तुमचं मशीन म्हणजे आमच्या प्रेसचं धाकटं भावंड हाय," तो म्हणाला. "शिलाई मशीन कोण म्हणलं याला?"

बसलिंगप्पा छताकडे बघत होता. केवळाबाईनं त्याला काही ऐकवलं नाही. एवढा मोठा दांडा, एवढा कापूस, आणि त्याच तेलाच्या जोरावर आपण इतकी वर्षं एका पायानं चालत आलो, या विचारानं तिची मान आपोआप ताठ झाली होती.

सील साच्यात घालून बनवायला दिवस लागणार होते. तोवर माळ एकट्या गिअरच्या ट्रॅक्टरवर आला. रोपांची पानं कडेनं वळायला लागली होती. बसलिंगप्पा पहाटेपासून जुंपायचा, पण थांबत-सरकत त्याची ओळ सरायची नाही, आणि दुसऱ्याच दिवशी क्लचचा तोच वास पुन्हा यायला लागला. प्लेट गेली असती तर माळावर एकही चाक फिरलं नसतं.

केवळाबाई त्या दिवशी बायकांबरोबर नळी धरून चालत होती. ट्रॅक्टर थांबला, सरकला, थांबला. तिला तिच्या आईची तिफण आठवली. पेरणीत बैल कधी थांबत नाहीत. मागून चालणारी बाई चाड्याच्या लाकडी वाटीवर मूठ धरते आणि चालता चालता दाणे सोडते. बैलानं थांबावं असं कुणालाच वाटत नाही. हातानं चालीशी जुळवून घ्यायचं. मग पाण्यासाठी का थांबायचं?

हे सुचलं आणि दुसरीही गोष्ट तिला लगेच दिसली. गिअरचा ट्रॅक्टर न थांबता ओळीतून जाऊ शकला तर तिच्या ट्रॅक्टरची जी एक बाजू वरचढ होती तीच जाते. चढावर तर बसलिंगप्पाचा पहिल्यापासूनच भारी होता. सिंधुच्या हातात नळी देऊन ती एका करंजापाशी थांबली. करंजाची खालची पानं गळून आळ्यात पडली होती. हे रोप तिनं स्वतः लावलं होतं, आणि त्याला पाणी कोणत्या चाकांवरून आलं याच्याशी त्याचं काही घेणं-देणं नव्हतं.

ती पुढे गेली. "अण्णा, हळूचा दांडा टाका, पहिला गिअर घाला, इंजिन अगदी मंद ठेवा आणि क्लचवरचा पाय काढा. थांबूच नका."

"आणि पाणी?"

"तिफणीमागं बाई काय करती?"

बसलिंगप्पानं दांडा टाकला.

टाकीला दोन लांब नळ्या लावल्या, दोन बाजूंना दोन बायका. नळी आळ्यात धरून बाई उभी राहायची, ट्रॅक्टर मुंगीच्या चालीनं पुढे जायचा, नळी ताणत आली की तोंड अंगठ्यानं दाबून पुढच्या रोपाकडे. पहिल्या ओळीत निम्मं पाणी वाटेत सांडलं. दुसरीत कमी. तिसऱ्या ओळीत साखराबाई पेरणीचं गाणं म्हणायला लागली, तेव्हा केवळाबाईला कळलं की जमलं. ओळ सरळ असली की बसलिंगप्पा खाली उतरून ट्रॅक्टरच्या शेजारून, बैलाशेजारून चालावं तसा, हात चाकावर ठेवून चालायचा. असं सोडून द्यायचं धाडस तिच्या ट्रॅक्टरवर कधीच करता आलं नसतं; तिथे पाय उचलला की सगळं थांबलं.

शनिवारी संध्याकाळी तिनं आकाशाकडे पाहिलं. ढगाचा पत्ता नव्हता. उद्या सुट्टी, परवा सोमवार. दोन दिवस वरच्या ओळी कोरड्या राहणार होत्या आणि तिचा ट्रॅक्टर अजून पोट उघडून पडलेला. तिनं बसलिंगप्पाला काही विचारलं नाही. त्याचा सोमवार त्याचा होता, आणि आपल्या ट्रॅक्टरचे हाल झाले म्हणून त्याच्या देवाला मध्ये ओढायचं तिला पटेना.

रविवारी दुपारी तो स्वतःच तिच्या बिऱ्हाडी आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला की माळावर ये, क्लच शिकवतो.

ती शिकली. क्लच जड होता, पाय थरथरायचा, ट्रॅक्टर तीनदा बेडकासारखा उडी मारून बंद पडला. चौथ्यांदा तो सरळ निघाला. बसलिंगप्पा सूचना देण्यापुरतंच बोलत होता. शेवटी त्यानं चावी तिच्या हातावर ठेवली आणि सांगितलं की उद्या मी याला हात लावणार नाही. सोमवार आहे.

"आणि मी लावला तर? विश्रांती तर बैलाची असती ना, अण्णा?"

"बैलाची असती," तो म्हणाला. "पण माझ्या सणापायी तुझा बैल लंगडा झाला. त्याच्या बदली याला एक सोमवार नांगराला जावं लागंल. बसवण्णाला मी सांगतो."

सोमवारी केवळाबाई गिअरचा ट्रॅक्टर घेऊन चढ चढली. दुपारची वेळ, टाकी काठोकाठ. तेल तापायची चिंता नाही, इंजिन धापा टाकत नाही. लोखंडात लोखंड अडकवून, एका चालीनं, ती वर पोचली, आणि वर पोचल्यावर तिला मागे वळून बघावंसं वाटलं. तिनं बघितलं. खाली विहिरीपाशी बसलिंगप्पा दोन हातात दोन बादल्या घेऊन उभा होता आणि वर बघत होता. त्याच्या मागे, छत्री धरून, आप्पासाहेबही बघत होते.

सील आलं. बसलिंगप्पानं मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळून तेल भरलं. केवळाबाईनं पट्टीवर पाय ठेवला आणि तिचा ट्रॅक्टर काही घडलंच नव्हतं अशा थाटात सरकला. त्या आठवड्यात आप्पासाहेबांनी दोघांना बोलावलं. जिल्ह्याच्या कचेरीनं पावसाळा संपायची वाट न बघता आत्ताच नाव मागितलं होतं.

त्यांनी आधी बसलिंगप्पाला विचारलं. मशीनची त्याची जाण त्यांना मान्य होती. पण रविवारची सुट्टी कचेरीची, ती बदलता येत नाही. सोमवारी पाणी लागतंच. "कायम झालात तर सोमवारी चालवाल?"

बसलिंगप्पानं विचार करायला वेळ घेतला नाही. "न्हाई, साहेब."

"एकदा तर दिला होता."

"तो फेडीचा होता. रोजचा न्हाई देता येत."

आप्पासाहेबांनी आग्रह केला नाही. ते ज्या सुरात पुढे बोलले त्यात रागही नव्हता. मग केवळाबाईकडे वळून त्यांनी सांगितलं की चालक म्हणून तिचं नाव जाईल. दोन्ही मशीन जिला येतात आणि कामाचे सहाही दिवस जी येते, ती एकच आहे. केवळाबाईनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. चालक हा शब्द तिनं मनात एकदा म्हणून पाहिला, शेषेरावच्या आवाजात.

"आता चालक तुम्ही," आप्पासाहेब म्हणाले. "शेड एकच आहे. कोणता ट्रॅक्टर ठेवू ते तुम्ही सांगा."

बाहेर दोन्ही ट्रॅक्टर शेजारी शेजारी उभे होते. तिच्या ट्रॅक्टरच्या दिव्यांवरचं काजळ अजून पुरतं गेलं नव्हतं. आपला ठेवा म्हटलं तर ते ऐकतील, हे तिला कळत होतं. बसलिंगप्पा जमिनीकडे बघत होता.

"गिअरचा ठेवा," ती म्हणाली.

बसलिंगप्पानं मान वर केली.

तिनं कारणंही सांगितली; कुणी विचारली नव्हती, तरी ती द्यायलाच हवी होती. झाडं वाढतील तसं पाणी जास्त लागेल, टाकी मोठी येईल, चढ मात्र तेवढाच राहील. क्लचचा त्रास आता तिफणीच्या चालीनं मिटला आहे. भाग इथल्या बाजारात मिळतात. "माझ्या मशीनला बाग लागती, साहेब. हा अजून माळ हाय. याची बाग झाली, आळ्यांमधून गवत उगवलं, बाकं आली, वळणं आली, की तेव्हा ते मागवा. तेव्हा हा अण्णांचा गडी तिथं कामाचा न्हाई. तेव्हाही मीच सांगेन."

आप्पासाहेब हसले नाहीत. त्यांनी ते मान्य केल्यासारखी मान हलवली.

तिचा ट्रॅक्टर देगलूरला परत जायचा ट्रक सोमवारी आला. उदगीर वाटेवरच, म्हणून बसलिंगप्पा त्याच ट्रकनं निघाला. देगलूरपर्यंत जाऊन मशीन दवाखान्याच्या हाती सोपवून मग घरी, असं त्यानंच ठरवलं होतं. ट्रक बांधाला लावला होता. हमालांनी ट्रॅक्टरला दोर बांधला आणि ओढायला हात घातला, तशी केवळाबाई लांबून ओरडायला निघाली. गरज पडली नाही. बसलिंगप्पानं हात वर करून हमालांना थांबवलं, मागे गेला, सीटमागे हात घालून ती बोटभर दांडी ओढली आणि चाक एकदा हातानं फिरवून पाहिलं. चाक मोकळं फिरलं. मग त्यानं हमालांना खूण केली आणि ट्रॅक्टर पोरीसारखा हलका ट्रकवर चढला.

"अक्का, क्लच अर्धा दाबून ठेवू नको," ट्रकमधून तो म्हणाला. "पुरा दाबायचा न्हाईतर पुरा सोडायचा."

"हाव. आणि तुम्ही ती दांडी आत ढकलायला विसरू नका. न्हाईतर देगलूरला म्हणतील, केवळाबाईचं मशीन चालतच न्हाई."

ट्रक गेला. वरच्या ओळी वाट बघत होत्या. सिंधु आणि साखराबाई नळ्या खांद्यावर टाकून उभ्या होत्या. केवळाबाईनं भरलेली टाकी चढावरून वर आणली, ओळीच्या तोंडाशी लावली, हळूचा दांडा टाकला, पहिला गिअर घातला, क्लच पुरा सोडला. ट्रॅक्टर आपल्या चालीनं निघाला. ओळ सरळ होती. ती खाली उतरली, पदर खोचला आणि चाकावर हात ठेवून त्याच्या शेजारून चालू लागली.